तारावालीला आवडलेलं घर

तारावाली म्हणजे वेड्यावाकड्या दातांना तारा बसवणारी डॉक्टर. नाव घ्यायची माझी इच्छा नाही. नवराही दातांचाच डॉक्टर, तीन दवाखान्यांचा धनी. पहिला दवाखाना उघडला तेव्हापासून बाहेरच्या टेबलावर मी बसले, फोन घेतले, घाबरलेल्यांना हात धरून आत नेलं. पगार? मालकीणबाईला पगार कोण देतं! मग तारावाली आली, आणि वर्षभरात आम्ही घटस्फोटाच्या वाटाघाटींना बसलो. तो एका खोलीत, मी दुसरीत, आणि मध्यस्थ बाई निरोप घेऊन मधल्या मध्ये येरझाऱ्या घालतायत.

"दवाखान्यांत तुमचा हिस्सा ते मान्य करतात, दरमहा पोटगीही देतील," त्या म्हणाल्या. "घर मात्र त्यांना हवंय. त्या मॅडमना फार आवडलंय म्हणे. तुम्हाला घरच हवं असेल तर बाकी सगळं सोडावं लागेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आवडलंय? म्हणजे मी माहेरी गेले की ही येत होती तर!

माझी वकील कानाशी आली. "ताई, हिस्सा घ्या. घर नुसतं खातं, दवाखाना खाऊ घालतो. या वयात तुम्हाला नोकरी कोण देणार?"

"आणि ती माझ्या ओट्यापाशी उभी राहून चहा करणार?"

"करू दे की! आपलं नाक कापून तिला कसला अपशकुन करताय?"

तिचं खरं होतं, कळत होतं मला. पण काचेच्या दारातून तारावाली दिसत होती. पायावर पाय टाकून बसलेली, फोनमध्ये बघून हसत. दात अर्थातच सरळ. ती माझं कपाट उघडतेय, पलंगावर माझ्या जागी झोपतेय, असं दिसायला लागलं आणि मी जळून खाक झाले.

"घर," मी म्हणाले.

"आठवडाभर विचार करा."

"नको. आत्ताच लिहा." सही करताना मला तर चक्क आनंद झाला.

रविवारी तो आपली पुस्तकं न्यायला आला. सोबत ती. मी मुद्दाम फरशी लख्ख पुसली होती. बघ म्हटलं, काय गमावलंस ते. ती दिवाणखान्यात जरा अवघडून उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "ताई, बाथरूम कुठे आहे हो?"

मी हात केला. तरीही तिनं आधी अडगळीच्या खोलीचं दार उघडलं.

"ही या घरी पहिल्यांदा कधी आली?" मी नवऱ्याला विचारलं.

"आजच," खोक्याला चिकटपट्टी लावत तो म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

इंजेक्शन देताना तो पेशंटचा गाल चिमटीत धरून हलवतो. पेशंटचं लक्ष गालाकडे जातं, सुई कधी गेली ते कळतही नाही. काय हलका हात आहे, म्हणून मीच लोकांना कौतुकानं सांगायचे.

ती बाहेर आली. "घर छान आहे," म्हणाली, "पण केवढं जुनं! मला नसतं बाई जमलं इथे."

दवाखाने गेले, पोटगी गेली. पण दार लावून घेतल्यावर मी ढसाढसा रडले ती त्यासाठी नाही. माझं घर तिला नको होतं, याचंच माझ्या पोटात दुखत होतं.