प्रार्थनेतली पुढची ओळ

दोघी सख्ख्या जावा, आणि दोघी एकाच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. चादरीची दोन टोकं मोठीच्या हातात, दोन धाकटीच्या. झटकायची, जुळवायची, घडी घालायची. हे करताना मोठी प्रार्थना पुटपुटायची. दिवसाला दोनशे चादरी, त्यामुळे देवाला तिच्याकडून फारशी उसंत मिळत नसे.

धाकटी देव मानत नव्हती. लग्नानंतर आठवड्याभरातच तिने हे सांगून टाकलं होतं, तेही विचारल्यावर, भाजी चिरता चिरता. मोठीला वाटलं, नवी आहे, येईल वळणावर. अकरा वर्षं झाली. सासूचं आजारपण धाकटीनेच काढलं. शेजारी कुणाचं अडलं की पहिली हीच धावायची. मोठीची खरी पंचाईत तिथेच होती. बाई वाईट असती तर सगळं कसं नीट जुळलं असतं.

मग मोठीच्या नवऱ्याच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या दिवशी दोघी बाहेर बाकावर बसल्या.

"तूही म्हण ना गं प्रार्थना," मोठी म्हणाली. "एकीपेक्षा दोघी बऱ्या."

"शब्द म्हणता येतील मला, जाऊबाई. पण ते खोटं होईल. आज तुमच्याशी खोटं नाही वागायचं मला."

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुला तत्त्व सुचतंय!"

"तुम्ही म्हणा. मी बसलेय."

मोठीने तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. चौथ्या ओळीला गाडी अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडली. रोजचे शब्द, पण डोक्यात नुसती ती गाठ.

"'वाट चुकले तरी हात सोडू नकोस'," शेजारून धाकटी हळूच म्हणाली. "मग 'घरच्यांना सांभाळ' येतं."

मोठीने डोळे उघडले. "तुला कशी पाठ?"

"अकरा वर्षं चादरीच्या पलीकडे उभी आहे मी."

"म्हणजे म्हटलीस की!"

"म्हटली नाही. सांगितली."

मोठीने प्रार्थना पुरी केली.

"असं काही आलं की तू काय करतेस गं?" तिने विचारलं. हे तिने भांडायला नव्हे, माहीत करून घ्यायला पहिल्यांदाच विचारलं होतं.

"घाबरते. मग आपल्याच्याने काय होईल ते बघते आणि तेवढं करते. बाकी आत डॉक्टर आहेत. माणसांनीच माणसांसाठी शोधून काढलेली विद्या. माझा भरवसा त्यावर."

"आणि ती कमी पडली तर?"

"तर तुमच्याजवळ राहीन."

"बस? एवढंच?"

"एवढंच आहे माझ्याकडे." धाकटी मोठीकडे वळली. "एक विचारू? इतकं मागूनही सासूबाई गेल्या. राग नाही आला देवाचा?"

"आला तर. महिनाभर बोलले नाही त्याच्याशी."

"मग?"

"करमेना."

धाकटी हसली नाही. तिने मान हलवली आणि मोठीचा हात हातात घेतला.

दुपारी तीनला सर्जनबाई बाहेर आल्या. गाठ साधी होती, निघाली. मोठी म्हणाली, देवाची कृपा. धाकटी म्हणाली, डॉक्टर, तुमचे उपकार. सर्जनबाई म्हणाल्या, दोन्ही पोचलं, आता मला जेवू द्या.

आठवड्याने नवरा घरी आला. मोठी देव मानत राहिली, धाकटी न मानणारीच राहिली. धुलाईखान्यातलं काम मात्र मंदावलं. का, ते बघायला मुकादम आला, तेव्हा मेल्यावर पुढे काय, यावर मोठी बोलत होती आणि धाकटी मधे तोंड न घालता ऐकत होती. मुकादम दहा मिनिटं उभा राहिला.

"काय ते एकदा ठरवून टाका," तो म्हणाला.

"ते नाही ठरायचं," मोठी म्हणाली. "आता हिची पाळी आहे. तुम्ही जरा तो पंखा बंद करा, हिचा आवाज बारीक आहे."