चुंबळीवर बसवलेली आगीची बादली

मी एक जुनी आगीची बादली आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. माझ्या पोटात आग नसते, वाळू असते. 'आगीची' म्हणजे फक्त आगीसाठी राखलेली. धुण्याची नाही, भांड्यांची नाही. बंब निघाले त्याच्या कितीतरी आधी माणसे ओळीने उभी राहत आणि पाण्याने भरलेल्या कातडी बादल्या हातोहात पुढे देत. त्या आमच्या पूर्वज. पुढे आम्ही पत्र्याच्या झालो आणि लोक आम्हाला घरी पळवू लागले. म्हणून, म्हणे, कुणा हुशार साहेबाने आमचे बूड गोल केले. जमिनीवर ठेवली की लवंडणार. मग नेईल कोण?

त्या साहेबाने हंड्याखाली ठेवायची कापडाची चुंबळ पाहिली नव्हती!

१९५४ साली मला घाटकोपरच्या एका चाळीत जिन्यापाशी टांगले. लाल रंग, काठोकाठ वाळू. थोडे दिवस कौतुक झाले. मग एका सकाळी चाळीतल्या शेवंतीने माझी वाळू गटारात ओतली.

"अगं, ती आगीची आहे," शेजारची प्रेमा म्हणाली. नवरा गेल्यावर ही बाई शिवणयंत्रावर झंपर शिवून दोन मुलींना वाढवत होती. "आणि उभी तरी राहील का ती?"

"हंडो ऱ्हवता ना चुंबळीवर? मग हिका काय धाड भरली?"

प्रेमा हसली. झाले! मी चुंबळीवर बसून धुणे भिजवू लागले. चाळीचा मालक जिना चढताना मोकळा हूक बघायचा आणि पुढे जायचा.

एका दुपारी प्रेमाचा स्टो भडकला. पेटते घासलेट फरशीवर सांडले. ओंजळ-दोन ओंजळ वाळूचे काम होते.

"वाळू आण गं, वाळू!" प्रेमा किंचाळली.

शेवंती मला घेऊन धावली आणि तिने साबणाचे पाणी भसकन ओतले. जळते घासलेट पाण्यावर तरंगत थेट यंत्राखाली गेले. मुली वाचल्या. यंत्राचा काळा सांगाडा उरला.

आणि चाळ काय म्हणाली? "बादली होती की! काय उपयोग झाला?" अरे, माझ्या पोटात वाळू ठेवलीत का तुम्ही?

प्रेमा आता लोकांची धुणी धुते. परवा शेवंती तिला म्हणाली, "माझी बादली ने गो, मोठी आसा."

माझी!

मित्रांनो, तुमच्या जिन्यावर लाल बादली असेल तर आजच तिच्यात हात घालून बघा. वाळू नसेल तर मोठ्यांना विचारा, कुठे गेली. ते ओरडतील. ओरडू द्या. पुन्हा विचारा.