नुसत्या पाण्याचा डबा

"शनिवारी मी तुझ्यापाशी. काळ्या दगडावरची रेघ समज," बुरशीनाथने बायकोला फोनवर ठणकावून सांगितलं.

बुरशीनाथ हे प्रयोगशाळेतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. मुळं कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्यांना कुठली बुरशी लवकर मारते, ते तो बघत होता. एका डब्यातल्या मातीत तीन नंबरची बुरशी, दुसऱ्यात सात नंबरची, तिसऱ्यात नुसतं पाणी. पाण्याच्या डब्यातल्या अळ्या जगायलाच हव्यात. त्याच मेल्या तर बुरशीने मारलं म्हणायला तोंड राहत नाही. म्हणून हात आधी पाण्याच्या डब्यात, मग बुरशीच्या. प्रयोग संपला की रजा.

बायकोची बदली झाल्यापासून तो रोज तिचीही उशी झटकून ठेवायचा. डोकं टेकायला कोणी नव्हतं, तरी.

सात नंबरच्या डब्यात हात असतानाच तिचा फोन आला. "माझी सवत दाखव की जरा."

तो विरघळला. सगळ्यात गुबगुबीत अळी होती पाण्याच्या डब्यात. त्याने तोच हातमोजा तिथे घातला आणि अळी फोनसमोर धरली.

"हिच्यासाठी मला एकटं ठेवलंस?" ती हसली. ते हसू त्याला पुढे काही दिवस पुरलं. पाण्याच्या डब्यातल्या अळ्या मात्र तेवढ्या दिवसांत बुरशीने हिरव्या पडून मेल्या.

"तुमच्याकडे पाण्यालाही बुरशी लागते वाटतं," प्रमुख बाई म्हणाल्या.

त्याने बायकोला कळवलं, "अळ्या मेल्या गं."

"मग? मारायचाच पगार घेतोस ना?"

"जगायच्या होत्या त्या मेल्या. आता परत पहिल्यापासून. शनिवारचं जमत नाही."

"बरं," ती म्हणाली. नुसतं बरं. त्या रात्री त्याने तिची उशी दोनदा झटकली.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच बोलावलं. "नव्या अळ्या यायला वेळ आहे. इथे माशा मारत बसण्यापेक्षा बायकोकडे जाऊन या."

तिला चकित करायचं म्हणून त्याने अवाक्षर काढलं नाही. शनिवारी सकाळी तिच्या दारात पोचला, तर दाराला कुलूप. त्याने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"तुझ्या दारात. म्हटलं, तुला जमत नाही तर आपणच जावं. आणि तू?"

"तुझ्या दारात. तू तिथंच थांब, मी येतो."

"नको, तू थांब, मी येते."

"अगं, पण..." म्हणेपर्यंत त्याचा फोन बंद पडला.

बायकोचं ऐकून तो पायरीवर बसला. नवऱ्याचं ऐकून तीही तिकडे पायरीवर बसली.