काहीच न करायची खोली

पुण्याचे देवस्थळी मास्तर मळवलीच्या बंगल्यावर उतरले आणि गावात ‘प्रयोग’ हा शब्द फिरला. मास्तरांचा प्रयोग मानसशास्त्राचा होता. गावाच्या हिशोबी प्रयोग म्हणजे लिंबू, टाचण्या आणि करणी. बंगल्याचा राखणदार भिमाजी नोकरीला जपणारा, म्हणून मास्तरांनी बायका मागवल्यावर त्यानं गरोदर बायकोलाही नेलं. शालूबाई पोट पदराखाली झाकून गेली.

मास्तरांनी गावातल्या बायका दोन खोल्यांत बसवल्या. एका खोलीत सांगितलं, "मोठी घंटा वाजेल." दुसरीत काही सांगायचं नव्हतं, काही करायचंही नव्हतं, तुलनेपुरती नाडी बघायची होती. शालूबाई या दुसऱ्या खोलीत, आणि तिचीच नाडी सगळ्यांत जोरात उडत होती.

मास्तर बुचकळ्यात पडले. "अहो बाई, तुम्हाला आम्ही काहीच करणार नाही."

"करनीवाला असंच म्हनतोय," ती पुटपुटली. "सायेब, मला पल्याडच्या खोलीत बसवा. तितं काय हुनार ते सांगत्यात तरी. हितं माज्या लेकराला काय हुईल, कुनीच बोलंना."

मास्तरांनी तिला तिकडं नेलं. घंटा दणदणली. बाकीच्या बायका दचकल्या. शालूबाईनं मोकळा श्वास सोडला.