कडा-दुरुस्ती

आमच्या शेजारचे डोमाजी आबा एकतीस वर्षं भरवेलीच्या खाणीत उतरले. उतरताना फळीवरचा आपला पितळी बिल्ला खिशात टाकायचा, वर आल्यावर परत खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून खाली. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावत नसे. आबांना आकडे वाचता येत नाहीत. म्हणून त्यांनी आपल्या बिल्ल्याच्या कडेला कानशीनं खाच पाडली होती. अंगठा फिरवला की ओळख पटायची. निवृत्तीच्या दिवशी बिल्ला जमा झाला आणि तेव्हापासून आबांना तो परत हवा होता.

२००६ च्या जूनमध्ये जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या साइटवर मला तो दिसला. क्रमांक ४१७, आबांच्या पेन्शनच्या कागदावर आहे तोच. रंग काळपट, कडेला खाच. मी फोटोचा प्रिंट काढून ठेवला आणि बोली लावली. दुसरं कुणी नव्हतंच. पंच्याण्णव रुपयांत बिल्ला माझा झाला.

मग विक्रेत्याची मेल आली. पोस्ट चाळीस, वेष्टन पस्तीस, विमा पंचवीस, प्रमाणपत्र पन्नास, चमक व कडा-दुरुस्ती साठ. मी बूथवरून नागपूरला फोन लावला. विक्रेत्याचं नाव गुणाकर.

"बावीस ग्रॅमच्या बिल्ल्याला पोस्ट चाळीस?"

"मॅडम, अँटिक आहे. अँटिक हाताळावं लागतं."

"विक्रेत्यानं पोस्टखर्चापलीकडे काही घ्यायचं नाही, असं साइटवर लिहिलंय."

"मग साइटकडूनच घ्या ना बिल्ला."

"आणि ही चमक, ही कडा?"

"एकदम फर्स्टक्लास करून देतो."

"करा, करा. चार हिरेही बसवा," म्हणून मी फोन ठेवला. न केलेल्या कामाचे पैसे उकळायची आणखी एक तऱ्हा, एवढंच मला वाटलं. आबा रोज विचारत होते. मी पैसे पाठवले.

दहा दिवसांनी पाकीट आलं. वर बावीस रुपयांची तिकिटं. वेष्टन म्हणजे वर्तमानपत्राचा चतकोर. विम्याची पावती नाही. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'ब्रिटिश अधिकाऱ्याचे पदक'. मला हसू आवरेना. तशीच मी आबांकडे धावले.

आबांनी डोळे मिटले आणि कडेवर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग बिल्ला माझ्या हातात परत ठेवला.

"पोरी, हा माहा नाही."

मी कड पाहिली. गुळगुळीत. खाच घासून साफ केलेली. सगळ्या यादीतलं एवढं एकच काम त्या माणसानं मनापासून केलं होतं.

"आबा, चारशे सतरा आहे. तुमचाच नंबर."

"नंबर कंपनीचा. खाच माही. दुसऱ्याचा बिल्ला घरात ठेवत नसतात, बाई. कोणाचा खिळा रिकामा असन. ज्याचा हाये त्याले देऊन टाक."

मी प्रिंट आणून दाखवला. आबांनी कागद उन्हात धरला, खाचेवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हौ! हाच तं हाये. मंग हा काहून नाही आणला? याले मांगव."