पाळण्याशेजारचा माइक

‘दोन्ही कान झाकून बसत जाऊ नकोस गं,’ नणंदेनं तिला बजावलं होतं. ‘बाळ दर वेळी ओरडूनच सांगतं असं नाही.’

ती हसली होती. नणंदेनं दोन मुलं वाढवली होती खरी, पण हेडफोन म्हटलं की बहिरेपणा एवढंच तिला ठाऊक. ‘ताई, तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतं मला,’ ती म्हणाली होती. ‘त्याचा श्वाससुद्धा येतो यात.’

आणि ते खोटं नव्हतं. बाळाच्या दांड्यांच्या पाळण्याशेजारी तिनं जुना फोन माइक म्हणून ठेवला होता. त्याचा आवाज थेट लॅपटॉपवर यायचा, ती जिथं संगीत बनवायची त्याच प्रोग्राममध्ये एका वेगळ्या ट्रॅकवर. ठोके एका पट्टीत, खर्जातला बेस दुसरीत, आणि सगळ्यात खाली बाळ. बाळंतपणानंतर नोकरी सुटली, दिवस घरातच जाऊ लागला, तेव्हा तिनं संगीत बनवायला शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग धरला होता. आपलंही काहीतरी असावं, एवढंच.

वर्ग घेणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवायचा उत्तम. आधी आठ मात्रांचा एक तुकडा पुरा करा, शंभर आवाज गोळा करत बसू नका, जे कानाला नको ते निर्दयपणे काढा. रेकॉर्डिंग मात्र बंद करू नका, कारण शिकाऊ माणसाला आपलं चांगलं काय निघालं ते आधी कळत नाही. पण जीभ सुरीसारखी. चुकलेला तुकडा सगळ्यांना ऐकवायचा आणि एकेकाची सालं काढायचा. तिच्या पहिल्या तुकड्यात पंख्याची घरघर आली तेव्हा म्हणाला, ‘बाई, पंख्याचं दुकान टाका, चालेल.’ पडद्यावरची सगळी तोंडं हसली. तीही हसली, आणि कॅमेरा बंद करून रडली.

त्याच आठवड्यात त्यानं नॉईज गेट शिकवला. आवाजाला एक पातळी ठरवून द्यायची. तिच्या वरचं तेवढं ऐकू येतं, खालचं सगळं बाहेरच राहतं. तिनं तो आधी गाण्यावर लावला आणि मग, नवीन शिकलेलं कुठं लावू कुठं नको असं झालेलं असताना, बाळाच्या ट्रॅकवरही लावला. तिथंही पंखा होताच. बाळ खणखणीत रडत होतं तेव्हाच तिनं पातळी बसवली. घरघर गेली, रडणं तेवढं राहिलं. किती शहाणी आपण, असं तिला वाटलं.

मग बाळाला सर्दी झाली आणि त्याचा घसा बसला. सकाळीच तिनं पाहिलं होतं, तोंड उघडायचं आणि नुसती फुसफुस बाहेर यायची. तिनं त्याची नक्कल करून त्याला हसवलंही. गेटची पातळी काही तिच्या डोक्यात आली नाही. त्या दुपारी मास्तरला तुकडा पाठवायचा होता.

हेडफोनमध्ये बाळाकडून काहीच आलं नाही. औषधानं गाढ झोपलाय, तिला वाटलं. मनासारखं काम झालं. तिनं तुकडा पाठवला, हेडफोन काढले आणि आत गेली.

त्याचा डावा हात पाळण्याच्या दांड्यांत कोपरापर्यंत अडकला होता आणि सगळं अंग त्या हातावर पिळून पडलं होतं. बोटं जांभळी. डोळे उघडे, तोंडही उघडं.

नस फार वेळ दबली, डॉक्टर म्हणाले. पकड येईल, न येईल, आत्ता सांगता येत नाही.

‘तू कुठे होतीस?’ नवऱ्यानं विचारलं.

‘शेजारच्या खोलीत. तो रडलाच नाही हो.’

‘रडला नाही?’

‘रेकॉर्डिंग आहे ना. ऐका तुम्हीच.’

तिनं लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. दोघांनी बराच वेळ निव्वळ शांतता ऐकली. नवऱ्याचा चेहरा जरा निवळलाही. तेवढ्यात त्यानं त्या ट्रॅकवरच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, आणि तो गेट आहे हे सांगता सांगताच तिला सकाळची ती फुसफुस आठवली. गेट फक्त ऐकू येणाऱ्या आवाजावर होता. रेकॉर्ड सगळंच झालं होतं. नवऱ्यानं तो चौकोन स्वतः दाबला.

आधी पंखा आला. मग त्याच्या खालून ते, घोगरं, हवेसारखं, थांबून थांबून. बाहेर बसलेल्या सासूबाई धावत आल्या. बाळ उठलं असं त्यांना वाटलं. ते आपल्याच खांद्यावर झोपलंय, हे त्या घाईत त्या विसरल्या होत्या.

त्या आठवड्यात मास्तरनं तिचा तुकडा सगळ्या वर्गाला ऐकवला. ‘याला म्हणतात स्वच्छ काम,’ तो म्हणाला. ‘एक कण कचरा नाही.’

नवऱ्यानं ते रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर घेतलं. हाताचं विचारायला कुणी आलं की तो फोन टेबलावर ठेवतो आणि ते वाजवतो. चहा घेऊन ती तिथंच उभी असते. नणंदेलाही त्यानं ऐकवलं. तिनं मध्येच उठून फोन बंद केला आणि भावाला म्हणाली, ‘बास कर रे.’ त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आता बाळ सासूबाईंच्या घरी असतं. रविवारी तिला भेटवतात, कडेवर देत नाहीत. नवरा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. दिवसभर घरात ती, लॅपटॉप आणि ते रेकॉर्डिंग. आता ती काहीच बनवत नाही, तेवढंच ऐकते. फोन केलात तर बरी आहे म्हणेल. त्यावर जाऊ नका. अशी कुणी तुमच्या जिन्यावर, तुमच्या गल्लीत राहत असेल, तर आजच तिचं दार वाजवा, आणि ती उघडेपर्यंत वाजवत राहा.