लिंबानीचं माप

मित्रांनो, मी आहे एक म्हातारी लाकडी फळी. कडा झिजल्यात, अंगावरचे आकडे पुसट झालेत. तान्ह्या बाळांना माझ्यावर निजवून त्यांची लांबी मोजत. मलावीच्या सरोवराकाठी पोरांची वाढ का खुंटते, आयांच्या उपासमारीशी आणि हिवतापाशी तिचा काय संबंध, याचा शोध तियामिकेताई घेत होत्या. त्यांनीच मला बनवून घेतलं.

घोळ एकच झाला. बनवणारा होता बंडावे सुतार, आणि त्याची ख्याती शवपेट्यांची! तो माप घ्यायला आला, की त्या घरातलं कुणीतरी गेलेलं असे. त्याच्या हातची फळी बघताच बाया आल्या पावली परत फिरल्या. मला फार लागलं हो!

गावातल्या झिओनेचं तान्हं पोर, लिंबानी, तेव्हा नुसता हाडांचा सापळा होतं. लांबी कळली, तरच वजनातली तूट कळणार आणि शेंगदाण्याचं औषधी खाणं सुरू होणार.

"निजव ना गं त्याला," ताई म्हणाल्या.

"याच्या फळीवर?" झिओनेने बाजूला उभ्या बंडावेकडे बघत पोराला छातीशी आवळलं. "मागच्या पावसाळ्यात यानंच माझ्या थोरलीचं माप घेतलं. आता जित्या पोराचंही देऊ?"

बंडावेने मान खाली घातली.

तेवढ्यात झिओनेची आई पुढे आली. तिला सगळं गाव गोगो, म्हणजे आजी, म्हणे. तिने काठी टाकली आणि खुशाल माझ्यावर आडवी झाली! पाय सगळे मातीत.

"घे रे बंडावे माझं माप! नीट घे, पुन्हा हेलपाटा नको!"

"गोगो, तुमच्या आधी मीच जायचो!"

बाया खो खो हसल्या. गोगो कंबर धरून उठली. "बघितलंस? आडवी झाले नि उठलेही. आण त्याला."

झिओनेने लिंबानीला निजवलं. काय सांगू! एवढ्याशा जिवाची धडधड माझ्या लाकडात उतरली. मी झाड होते तेव्हा वारा सोसला, पाखरं खेळवली. पण असं काही कधी अनुभवलं नव्हतं.

खाणं सुरू झालं. दर खेपेला पावलांकडची पट्टी आधी केसभर, मग बोटाच्या पेरभर पुढे सरके. पोटात घास जातो आणि हाड लांबतं! वाढणं मला नवं नव्हतं, तरी मी थक्क होई.

मुलं दोन वर्षांची झाली, की त्यांना उभं करून मोजतात. त्या दिवशी मला भिंतीला टेकवून उभं केलं. लिंबानी पाठ लावून ताठ उभा राहिला.

"टाचा टेक, लबाडा!" गोगो ओरडली.

आज मी मक्याच्या पोत्यांमागे पडून आहे. मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण एखादी आई बाळ तुमच्या हाती द्यायला घाबरली, तर तिच्यावर खेकसू नका. तिनं काय गमावलंय, ते आधी विचारा.

लिंबानी उभा राहिला, त्या दिवशी आकडा वाचायला ताईंनी बंडावेला बोलावलं होतं. त्याने तो अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला, आणि झिओने म्हणाली, "पुन्हा सांग."